मागची डावी जागा

१

मिरवणुका बघणं हा काही धंदा नव्हे, पण गेली काही वर्षं माझा तोच आहे. पन्नाशी गाठायच्या आतच कंपनीने मला घरी बसवलं. माझी जुनी सहकारी रेवती तेव्हा प्रवासावरची एक वेबसाइट चालवायला लागली होती. ती म्हणाली, लोक काश्मीर आणि केरळ वाचून कंटाळलेत, तू मुंबईतल्या मुंबईत प्रवास कर आणि लिही. तेव्हापासून मी भांडुपहून पाण्याची बाटली घेऊन निघणारा आणि जेवायच्या वेळेला घरी परतणारा प्रवासी झालो.

ख्रिस्ती मिरवणुका माझ्या वाट्याला आल्या, कारण गणपती आणि गोविंदावर लिहिणारे ढिगाने होते. बोरिवलीच्या गल्ल्यांतून मे महिन्यात फिरणारी मारियामाता मी पाहिली, मुलुंडला मेणबत्त्यांची रांग पाहिली, घाटकोपरला हातात झावळ्या घेऊन चालणारी माणसं पाहिली. सुरुवातीला मजा वाटायची. मग लक्षात आलं की मिरवणूक कुठलीही असो, पुढे घाईत असलेला एक स्वयंसेवक असतो, मागे पाय दुखणारी एक बाई असते आणि मधे देव असतो. मी बहुतेक वेळा त्या बाईच्या बरोबरीने चालायचो.

घरी आई होती. वनमाला दत्ताराम परब, वय अठ्ठ्याहत्तर. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलच्या मागच्या दाराने गेले. आम्हाला तोंड दाखवलं नाही. दोन माणसांनी त्यांना गाडीत सरकवलं आणि गाडी निघाली. आई रडली नाही, फक्त एक वाक्य बोलली आणि पुढची चार वर्षं अधूनमधून तेच बोलत राहिली. "तेंका चार खांदे मिळाक नाय."

त्या चार वर्षांत ती हळूहळू विझत चालली होती. डॉक्टर म्हणायचे, रिपोर्ट सगळे चांगले आहेत, त्यांना जेवायचंच नाही त्याला मी काय करू. अर्धी भाकरी खाऊन ती ताट सरकवायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. माझं लग्न केव्हाच मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. घरात मला हाक मारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मला आई जायला नको होती. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

२

गेल्या गुड फ्रायडेला मी अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात गेलो. मेट्रोच्या खांबांमागे, काचेच्या ऑफिसांच्या पाठीला लागून ती वस्ती आहे. रिक्षातून उतरून एका बोळात शिरलं की कौलारू घरं, लाकडी जिने आणि वाटेच्या मधोमध चुना लावलेला क्रूस. मला तिथे हिल्डा मिस्किटा यांनी बोलावलं होतं. त्या सत्तरीच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. माझं लिखाण वाचून त्यांनी मेल पाठवला होता की तुम्ही आमच्या लोकांबद्दल बरं लिहिता, पण दर वेळी पायच दुखतात असं का लिहिता.

त्यांनी मला पडवीत बसवलं, कोकमचं पाणी दिलं आणि काय काय होणार ते शिक्षिकेच्या शिस्तीत सांगितलं. गुरुवार रात्रीपासून चर्चच्या घंटा बंद असतात. घंटेच्या जागी लाकडाच्या फळीवर लाकूड आपटत एक माणूस पुढे चालतो. मागून खांद्यावर घेतलेल्या पाटावर येशूचा निजलेला पुतळा, त्याच्या मागे काळ्या कपड्यातली आई. माणसं अनवाणी चालतात. "आमची ही अंत्ययात्राच आहे," हिल्डाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच. फक्त दर वर्षी."

उन्हं कलली तेव्हा ती खटखट ऐकू आली. खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडला नाही. घंटेच्या आवाजाला शेपूट असतं, तो विरत जातो. हा आवाज नुसता व्हायचा आणि संपायचा. बोळात दोन्ही बाजूंना घरं असल्यामुळे तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. बाया उठून उभ्या राहिल्या. मीही उठलो, चपला काढून पडवीत ठेवल्या आणि मोबाइल खिशात टाकला. फोटो नंतर काढू म्हटलं.

३

पाटाला चार दांडे होते आणि प्रत्येक दांड्याखाली एक माणूस. म्हणजे असायला हवा होता. पुढे दोघं होते, मागे उजवीकडे एक होता. मागे डावीकडे कोणी नव्हतं.

मी आधी समजलो की तो माणूस घाम पुसायला बाजूला झाला असेल. पण मिरवणूक माझ्यासमोरून संथपणे पुढे गेली, तरी तिथे कोणी आलं नाही. गर्दी तशी दाट होती, लोक एकमेकांना घासून चालत होते. त्या दांड्याखाली मात्र एका माणसाच्या रुंदीची मोकळी जागा होती आणि ती जागा पाटाबरोबर पुढे सरकत होती. पाट सरळ होता. तीन माणसांच्या खांद्यावर चार टोकांचा पाट सरळ राहत नाही, हे कळायला गणिताची बाई लागत नाही.

याच्यावर मी तेव्हा फार विचार केला असता तर पुढचं टळलं असतं. पण मी कोकणी माणूस. तिरडीचा दांडा मोकळा दिसला की आमच्याकडे रस्त्याने जाणारा परकाही चप्पल काढतो आणि चार पावलं खांदा देतो. त्याला विचारावं लागत नाही. बाबांना जे मिळालं नाही ते असं डोळ्यांसमोर मोकळं जात होतं, आणि मला ते बघवेना. मी गर्दीतून वाट काढत मागे डावीकडे पोचलो. आधीच्या खांदेकऱ्याला मोकळं करताना जे म्हणतात तेच माझ्या तोंडून सवयीने निघालं.

"सोडा, मी घेतो."

आणि दांडा माझ्या उजव्या खांद्यावर आला. मी तो घेतला असं म्हणता येणार नाही. कुणीतरी अगदी सराईतपणे आपला खांदा खाली करून तो माझ्याकडे दिला, माझ्या मानेशी एक दमलेला श्वास सुटला आणि जागा झाली. वजन इतकं होतं की माझा गुडघा वाकला. पुढच्या माणसाला ते जाणवलं असावं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच परत पुढे बघायला लागला.

गाणं चाललं होतं, संथ चालीचं, प्रत्येक ओळ शेवटाला खाली उतरणारी. सगळे एकदम थांबायचे. माझ्या कानाशी मात्र एक जाडसर पुरुषी आवाज शेवटचा सूर थोडा जास्त ओढत होता, सगळे थांबल्यावरही. मी वळून पाहिलं नाही. खांद्यावर दांडा असताना वळता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

४

बोळाच्या तोंडाशी असलेल्या क्रूसापाशी पाट टेकवला तेव्हा मी बाजूला झालो. दांडा खांद्यावरून गेला. वजन गेलं नाही.

हिल्डाबाईंनी मला घरात नेलं आणि पेज वाढली. त्या दिवशी त्यांच्याकडे तेवढंच जेवतात. वरच्या खोलीकडे जाणारा लाकडी जिना माझ्या पाठीशी होता, भिंतीवर येशूच्या तसबिरीपुढे लाल बल्ब होता. मी उजवा खांदा चोळत बसलो होतो. त्यांनी विचारलं, तू चाललास का बरोबर? मी म्हटलं, खांदा दिला. कुठे, म्हणाल्या. मागे डावीकडे, म्हटलं.

त्यांच्या हातातला डाव थांबला. मग त्यांनी तो पातेल्यात ठेवला आणि शांतपणे सांगितलं की ती आमच्या बोनाची जागा. बोना म्हणजे बोनिफास, त्यांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, बहिणीपाशी राहिला, वजनाने चांगला भरलेला होता आणि तरणा झाल्यापासून दर गुड फ्रायडेला त्याच टोकाला असायचा. तोही दुसऱ्या लाटेतच गेला. त्याच्यासाठीही मिरवणूक निघाली नाही, दफनाला दोन माणसं होती.

तेव्हापासून ती जागा कोणी घेत नाही का, असं मी विचारलं. हिल्डाबाई म्हणाल्या, घेऊ नका असं कोणी सांगितलेलं नाही, पण घेत नाहीत खरं. मी म्हटलं, पाट फार जड आहे हो. त्या म्हणाल्या, पुतळा आतून पोकळ आहे, एरवी दोन बायका उचलून कपाटात ठेवतात. एवढं बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्याकडे बघत होत्या.

रिक्षा मिळेपर्यंत त्या बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी बसलो, तरी त्यांनी रिक्षाची कड सोडली नाही. काहीतरी बोलायचं असावं. मग रिक्षावाला कुरकुरला आणि त्यांनी हात काढून घेतला.

५

खांदा दुखत नव्हता, हे मला आधी स्पष्ट केलं पाहिजे. दुखणं मला कळतं. हा भार होता. बस पकडताना, दात घासताना, रेवतीला लेख टाइप करताना तो उजव्या बाजूला असायचा आणि मी डावीकडे कलून चालायचो. मुलुंडला एक फिजिओथेरपिस्ट आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाला, काका, या वयात खांदा आखडतो. व्यायामाचा कागद दिला. मला फार बरं वाटलं. आखडलेला खांदा ही एक समजण्यासारखी गोष्ट आहे.

दोनेक दिवस मी भिंतीवर बोटं चढवत व्यायाम केला. आई खिडकीशी बसून ते बघत होती. मग उठून माझ्यामागे आली आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे खांद्यावर नाही. खांद्याच्या चार बोटं वर, हवेत. तिथेच तो टेकल्यासारखा राहिला.

"खांदो दिलंस काय रे कोणाक?"

मी तिला सगळं सांगितलं. गावठाण, खटखट, मोकळी जागा. बोनाचं सांगितलं नाही, कशाला सांगायचं असं वाटलं. ती ऐकून घेत होती आणि तिचा चेहरा मी चार वर्षांत पाहिला नव्हता तसा होत गेला. तिच्या डोक्यात हिशोब अगदी सरळ होता. बापाला खांदा मिळाला नाही. पोराने कुणाच्या का होईना पालखीला दिला. देवाघरी कुणाचं कुणाला पोचतं ते देव बघतो.

"तू दिलंस तो तेंका पावलो," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.  मी तिला जवळ घेतलं, आणि तसं घेताना खांद्यावरचा भार तिच्याकडे किंचित झुकल्यासारखा वाटला.

आमच्यात दहाव्याला खांदे उतरवतात. तिरडीला ज्यांनी खांदा दिला त्यांना ओळीने बसवायचं, घरच्या माणसाने त्यांच्या खांद्याला दूध-तेल लावायचं, म्हणजे मेलेल्याचा भार उतरतो. बाबांच्या वेळी उतरवायला खांदेच नव्हते. आईने आता तेच करायचं ठरवलं. दहावा दिवस रविवारी आला. तिने सकाळी न्हाऊन मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, सदरा काढायला लावला. वाटीत दूध आणि खोबरेल होतं. तिचे हात पूर्वी थरथरायचे, त्या सकाळी थरथरत नव्हते.

मी म्हटलं, आई, ही आपली पद्धत त्यांना लागू पडत नाही, त्यांचा देव तिसऱ्या दिवशी उठतो. ती म्हणाली, गप ऱ्हव. मग माझ्या खांद्यावरून हात खाली ओढत, बाबांशी बोलायची त्या आवाजात ती म्हणाली, "उतरा आता. घर तुमचांच आसा."

भार उतरला. सगळा, एकदम. मी इतका हलका झालो की पाटावरून तोल गेला. मागे फरशीवर काहीतरी टेकल्याचा मऊ, जड आवाज झाला. आई माझ्या डोक्यावरून त्या बाजूला बघत होती आणि हसत होती.

६

त्या दुपारी आई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. आठवड्याभरात तिने केसांना तेल लावलं, कपाटातली निळी साडी काढली, मला बाजारातून सुरमई आणायला लावली. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं का, मनाचंच होतं. मी त्यांना पेढे द्यायचा बाकी राहिलो.

आमचं घर म्हणजे स्वयंपाकघर, बाहेरची खोली आणि आतली खोली. दोन खोल्यांच्या मधे दार नाही, पडदा आहे. मी बाहेर झोपतो, आई आत लोखंडी खाटेवर. दुपारी जेवून ती आत जायची आणि तिचं बोलणं सुरू व्हायचं. गावचं, भावकीचं, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली त्याचं. मधे थांबायची, ऐकून घ्यायची, पुन्हा बोलायची. एकट्या बायका बोलतात, त्यात काय. मी लॅपटॉप उघडून ऐकत बसायचो आणि बरं वाटून घ्यायचो. घरात बोलणं आहे, माणूस जेवतंय, आणखी काय हवं.

पण एका गोष्टीशी माझी बुद्धी अडली. बाबा आयुष्यात कधी खाटेवर झोपले नाहीत. गिरणीत पाठ गेलेली, त्यांना जमीनच लागायची. आणि आता दुपारी आई खाटेवर असताना खाट दोनदा करकरायची. एकदा ती बसली की, आणि मग पुन्हा, जास्त खोल. मी एकदा चादर बदलायला आत गेलो तेव्हा गादी भिंतीच्या बाजूला दबलेली होती. आईचं वजन पस्तीस-छत्तीस किलो. बाबा गेले तेव्हा त्यांचंही फार नव्हतं. त्या खळग्यात माझे दोन्ही हात मावले.

मग ती गुणगुणायला लागली. भाजी निवडताना, अगदी सहज. संथ चाल, प्रत्येक ओळ शेवटाला खाली उतरणारी. आईला ते गाणं ठाऊक असणं शक्य नव्हतं, ती कधी चर्चच्या पायरीवरही चढली नव्हती. मी मोबाइलवर त्या गावठाणातला एखादा व्हिडिओ तिच्यासमोर लावला होता का, हे आठवत बसलो. लावला नव्हता. मी तिथे एकही व्हिडिओ काढला नव्हता. तिने ओळ संपवली आणि शेवटचा सूर थोडा जास्त ओढला. बाबांना तर सूर आणि शिट्टी यातला फरकही कळत नसे.

"बरी चाल आहे," मी म्हटलं.

"हे म्हणतत ना," ती म्हणाली. मग भाजीकडे बघत, जराशी लाजून, "आता कसे भरलेले दिसतत."

मी उठून बाहेर गॅलरीत गेलो.  खाली शाळेची बस उभी होती, वॉचमन पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होता, आणि माझ्या घरात माझ्या आईपाशी एक परका माणूस होता. त्याला मी आणला होता.

७

चार दिवस मी कुठे गेलो नाही. रेवतीचे फोन येत होते, मेमधल्या मिरवणुका सुरू झाल्या होत्या. मी तिला खांदा आखडलाय म्हणून सांगितलं.

रात्री मला झोप बरी लागायची, याचं मलाच नवल वाटायचं. भीती दुपारची होती. ऊन पडद्यावर यायचं आणि पडद्याच्या खालच्या कडेशी वीतभर जागा उघडी असायची. मी तिकडे पाठ करून बसायचो. माणूस वाईट नव्हता, एवढं कळत होतं. आईला त्रास नव्हता. तिच्या गालांवर रंग आला होता. पण तो ज्या घरी जायला निघाला असेल ते घर हे नव्हतं, आणि आई ज्याच्याशी संसाराच्या गोष्टी करत होती तो तिचा नवरा नव्हता. हे तिला सांगणं माझं काम होतं. दुसरं कोण सांगणार.

शेवटी मी धीर केला. ती ताटं घेत होती. तीन ताटं घेत होती, त्याची मला एव्हाना सवय झाली होती. मी तिच्या हातातलं तिसरं ताट धरलं.

"आई, ते बाबाच आहेत ना?"

 तिने आतल्या खोलीकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत भोळेपण अजिबात नव्हतं. ताट तिने माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं.

"ह्या वयात इतक्या बारकायेन बघूचां नसता, सुबोधा," ती म्हणाली आणि भात वाढायला लागली.

मी जेवलो. दुसरं काय करणार होतो. तिसऱ्या ताटातला भात कोणी खाल्ला नाही, पण त्याची वाफ माझ्या भातापेक्षा आधी गेली.

८

हिल्डाबाईंचा फोन पुढच्या रविवारी दुपारी आला. मी बाहेरच्या खोलीत होतो, आई आत. माझ्या फोनचा आवाज मोठा आहे, समोरचं बोलणं खोलीभर ऐकू येतं. आधी त्यांनी लेखाचं विचारलं. मग माझ्या खांद्याचं. उतरला आता, मी म्हटलं. 

त्या सांगायला लागल्या, तुटक, मधेमधे थांबत. तू मला वेडी म्हणशील. बोना गेला तरी आमचं घर रिकामं नव्हतं. वरच्या खोलीत चालणं असायचं, जिना वाजायचा. रात्रीची प्रार्थना म्हटली की शेवट ओढलेला ऐकू यायचा. चार वर्षं. मी कुणाला बोलले नाही, फादरनासुद्धा नाही. गुड फ्रायडेला तो पालखीला जायचा, ते मला माहीत होतं, आणि संध्याकाळी परत यायचा. या वेळी आला नाही. घर इतकं शांत झालंय की मला आत बसवत नाही, मी दिवसभर पडवीत असते.

"तुझ्याबरोबर आला का रे तो?" त्या म्हणाल्या. "रागावत नाही मी. फक्त सांग."

आत आई गुणगुणत होती, ती थांबली. खाट करकरली. मग फरशीवर पाय टेकले, आईचे नव्हेत, आईची पावलं वाजत नाहीत. ती पावलं पडद्यापर्यंत आली आणि थांबली. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. पडद्याखालच्या वीतभर जागेत दोन रुंद अनवाणी पावलं होती. घोट्याशी सुजलेली, बोटांवर मेणाचे पांढरे ठिपके पडलेली. ती माझ्याकडे नव्हे, फोनच्या आवाजाच्या दिशेने वळलेली होती.

"हॅलो? सुबोध?" हिल्डाबाई म्हणाल्या.

एक शब्द पुरला असता. होय म्हणालो असतो तर ती पावलं पडद्याबाहेर आली असती, मी त्यांना रिक्षात घालून अंधेरीला पोचवलं असतं, आणि त्या म्हाताऱ्या बाईला आपल्या घरात जाऊन बसता आलं असतं. मग मी परत आलो असतो आणि आई खिडकीशी बसलेली असती, अर्धी भाकरी सरकवून. ती किती दिवस तशी बसली असती तेही मला माहीत होतं. मला हिल्डाबाईंची फार दया आली. खरोखर आली.

"नाही हो," मी म्हटलं. "इथे आम्ही दोघंच आहोत."

 त्या म्हणाल्या, बरं. आला तर त्याला सांग, दार मी लावत नाही. त्यांनी फोन ठेवला, तरी तो कानाशी धरून मी त्या पावलांकडे बघत होतो. डावं पाऊल उचललं गेलं, पडदा जरासा पुढे आला, कापडावर आतून एक मोठा खांदा उमटला.

"कोण इचारता रे?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "राँग नंबर."

आईचा हात पडद्यामागे त्या खांद्यावर आलेला मला दिसला, नुसता हाताचा आकार. "बसा तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "काय नाय तां." पावलं तशीच उभी राहिली. मग आधी एक वळलं, मग दुसरं, आणि खाट खोल करकरली.

मी फोन खाली ठेवला. स्वयंपाकघरात गेलो आणि आधण ठेवलं, तीन कप.